टॉवर स्पीकर

टॉवर स्पीकर हा घरगुती स्टिरिओ यंत्रणेत वापरला जाणारा, मेजावर किंवा फडताळात न ठेवता थेट जमिनीवर उभा करावयाचा उंच ध्वनिक्षेपक होय. त्याची उंची साधारणतः ८० ते १२० सेंटिमीटर, रुंदी १५ ते २५ सेंटिमीटर आणि एका नगाचे वजन १२ ते ३० किलोग्रॅम असते; महागड्या नमुन्यांचे वजन याहून पुष्कळ अधिक भरते. स्टिरिओ ध्वनीसाठी डावा व उजवा असे दोन नग लागतात. पेटी मोठी असल्यामुळे खर्जाकडील ध्वनी अधिक खोलवर आणि अधिक जोरकसपणे वाजवता येणे हा या प्रकाराचा मुख्य गुण आहे. व्यापली जाणारी जागा, हाताळण्यास अवघड वजन आणि खोलीच्या आकाराचा ध्वनीवर पडणारा मोठा प्रभाव या त्याच्या मर्यादा आहेत.

एकविसाव्या शतकात या स्पीकरची विक्री मोठ्या प्रमाणावर आंतरजालावरून होऊ लागली. ज्या वस्तूची पारख कानांनी करावयाची ती न ऐकताच विकत घेतली जात असल्यामुळे तांत्रिक आकडे, मोजमापे, परीक्षणे आणि परत करण्याच्या अटी यांना खरेदीत पूर्वी नव्हते एवढे महत्त्व आले आहे.

नाव आणि नामसाधर्म्य

इंग्रजी भाषक देशांत या प्रकाराला 'फ्लोअरस्टँडिंग' किंवा 'टॉवर' असे म्हणतात. भारतीय बाजारात मात्र 'टॉवर स्पीकर' हे नाव दोन अगदी भिन्न वस्तूंना लावले जाते. पहिली वस्तू म्हणजे प्रस्तुत लेखाचा विषय असलेला निष्क्रिय स्पीकर. त्यात विजेची जोडणी नसते आणि तो वाजवण्यासाठी वेगळा ॲम्प्लिफायर लागतो. दुसरी वस्तू म्हणजे ॲम्प्लिफायर, ब्लूटूथ, यूएसबी खाच, रंगीत दिवे आणि बहुधा माइकची जोडणी असलेली सक्रिय उंच पेटी. ही दुसरी वस्तू घरगुती समारंभासाठी सोयीची असते. स्टिरिओ श्रवणाचा तिचा दावा सहसा नावापुरताच असतो. विक्रीस्थळांवर दोन्ही वस्तू एकाच शोधात शेजारी शेजारी दिसतात. त्यामुळे निष्क्रिय जोडी घरी आल्यावर ती कशाला जोडायची हा प्रश्न पडलेला ग्राहक, किंवा याच्या उलट निराशा झालेला ग्राहक, विरळा नाही.

रचना

टॉवर स्पीकरची पेटी बहुतेक वेळा एमडीएफ या दाबलेल्या लाकूडतंतूंच्या फळीची असते. पेटीच्या भिंती स्वतः कंप पावू नयेत म्हणून आत आडव्या पट्ट्या बसवलेल्या असतात आणि काही भागात ध्वनिशोषक तंतू भरलेले असतात. समोरच्या फळीवर मंद्र ध्वनीसाठी वूफर आणि तार ध्वनीसाठी ट्वीटर असतो. ट्वीटर बसलेल्या श्रोत्याच्या कानाच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून सुमारे ९० ते १०० सेंटिमीटरवर यावा अशी योजना असते. आलेल्या विद्युत् संकेताची वारंवारतेनुसार वाटणी करणाऱ्या मंडलाला क्रॉसओव्हर म्हणतात. ही वाटणी दोन भागांत झाली तर स्पीकर द्विमार्गी आणि तीन भागांत झाली तर त्रिमार्गी समजला जातो. यांमधला 'अडीच मार्गी' हा प्रकारही सर्रास आढळतो. त्यात दोन सारखे वूफर असतात. दोघेही खर्ज वाजवतात, पण ट्वीटरला भिडणारा मध्यभाग मात्र एकच वाजवतो.

बहुतांश टॉवर स्पीकरच्या पेटीला पुढे, मागे किंवा तळाशी नळीसारखे उघडे तोंड असते. याला पोर्ट म्हणतात. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर घातली असता जो घुमारा येतो, त्याच तत्त्वावर पोर्टमधील हवेचा स्तंभ एका ठरावीक वारंवारतेला अनुस्पंदित होतो आणि वूफरची शक्ती जेथे कमी पडू लागते तेथे त्याला साहाय्य करतो. त्या वारंवारतेच्या खाली मात्र आवाज बंद पेटीच्या मानाने फार झपाट्याने उतरतो.

पेटीचा आकार हा हौसेचा भाग नसून भौतिकीचा आहे. लहान पेटी, खोल खर्ज आणि उच्च संवेदनशीलता या तिन्ही गोष्टी एकत्र साधत नाहीत. कोणत्याही दोन मिळवताना तिसरी सोडावी लागते. हा नियम केएलएच या अमेरिकी कंपनीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. मेजावरील लहान स्पीकरची पेटी दहा-पंधरा लिटरची असते, तर टॉवरची सहज तीस ते साठ लिटरची. शिवाय लहान स्पीकर उंचीवर ठेवण्यासाठी स्टँड घ्यावा लागतो आणि तो जमिनीवर जवळपास तेवढीच जागा व्यापतो. स्टँडखालची रिकामी जागा पेटीसाठी वापरणे हे टॉवरमागचे साधे व्यावहारिक गणित आहे.

इतिहास

आजच्या स्पीकरमधील चल-वेटोळ्याची रचना अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडली. बेल प्रयोगशाळेतील आल्बर्ट थुरास यांना पोर्ट असलेल्या पेटीचे अमेरिकी एकस्व १९३२ मध्ये मिळाले. इंग्लंडमध्ये ॲलन ब्लमलाइन यांनी १९३१ मध्ये स्टिरिओ ध्वनिमुद्रणाच्या एकस्वासाठी अर्ज केला होता. तथापि स्टिरिओ तबकड्या सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचण्यास १९५८ साल उजाडले. तोपर्यंत घरात एकच मोठा स्पीकर असे. पॉल क्लिप्श यांचा १९४६ चा क्लिप्शहॉर्न हा खोलीच्या कोपऱ्यात बसणारा कपाटाएवढा स्पीकर त्या काळचे ठळक उदाहरण होय. स्टिरिओमुळे एकाऐवजी दोन पेट्यांची गरज निर्माण झाली आणि घरातील जागेचा प्रश्न उभा राहिला. एडगर विलचर आणि हेन्री क्लॉस यांनी १९५४ मध्ये अकूस्टिक रिसर्च या कंपनीतर्फे आणलेली हवाबंद लहान पेटी या बदलात फार उपयोगी पडली.

ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी वूफर व पेटी यांचे परस्परसंबंध गणिताने मांडले. तोपर्यंत पोर्टची लांबी व पेटीचे आकारमान बरेचसे अंदाजाने ठरत असे. आता ते कागदावर आणि पुढे संगणकावर ठरू लागले. एका मोठ्या वूफरऐवजी दोन-तीन लहान वूफर उभ्या ओळीत लावून पेटी अरुंद ठेवता येऊ लागली. आज परिचित असलेला सडपातळ टॉवर अशा रीतीने प्रचारात आला आणि दूरचित्रवाणीच्या दोन बाजूंना उभा राहणारा घरगुती चित्रपटगृहाचा भाग म्हणून स्थिरावला.

भारतात १९९१ च्या आर्थिक उदारीकरणापूर्वी परदेशी स्पीकर जड आयातशुल्कामुळे दुर्मीळ होते. कोलकात्याची १९७० मध्ये स्थापन झालेली सोनोडाइन आणि कॉस्मिक ही त्या काळातील परिचित देशी नावे. मुंबईतील लॅमिंग्टन रस्ता (डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग) आणि पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली येथून सुटे वूफर, ट्वीटर आणि क्रॉसओव्हर आणून सुताराकडून पेट्या करून घेणाऱ्या हौशी लोकांची परंपराही महाराष्ट्रात होती.

खोलीचा परिणाम

स्पीकर खरेदीच्या चर्चेत खोलीचा विचार बहुधा शेवटी होतो. वास्तविक मंद्र ध्वनीच्या बाबतीत तो आरंभीच व्हावयास हवा. ध्वनीचा हवेतील वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमधील अंतराच्या दुप्पट तरंगलांबी असलेला ध्वनी त्या अंतरात अडकून घुमतो. मुंबई-पुण्याच्या सदनिकांतील नेहमीची १० फूट बाय १२ फूट खोली घेतली तर या घुमण्याच्या वारंवारता सुमारे ५६ आणि ४७ हर्ट्झ येतात. छत साडेनऊ फुटांवर असेल तर तिसरी वारंवारता ५९ हर्ट्झच्या जवळ येते. अशा रीतीने तिन्ही दिशांचा घुमारा खर्जाच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात गोळा होतो. तीस-पस्तीस हर्ट्झपर्यंत जाणारा टॉवर अशा खोलीत नेमका हाच पट्टा भरभरून वाजवतो. परिणामी काही स्वर अंगावर आल्यासारखे, तर काही जणू हरवल्यासारखे ऐकू येतात.

बांधकामाची पद्धतही येथे महत्त्वाची ठरते. अमेरिकेतील अनेक घरांच्या भिंती लाकडी चौकटीवर जिप्समच्या पातळ फळ्या ठोकून केलेल्या असतात. त्या थोड्या लवतात आणि मंद्र ध्वनीचा काही भाग शोषून घेतात. आपल्याकडील विटांच्या व काँक्रीटच्या भिंती तो जवळपास संपूर्ण परत फेकतात. त्यातच जमिनीवर गुळगुळीत लाद्या असतात. म्हणून अमेरिकी परीक्षणात 'खर्ज किंचित कमी' असा शेरा मिळालेला स्पीकर भारतीय दिवाणखान्यात पुरेसा किंवा अधिकच भरदार वाटू शकतो. परदेशी परीक्षणे वाचून खरेदी करणाऱ्याने हा फरक हिशेबात धरणे आवश्यक आहे.

स्पीकर आणि मागील भिंत यांच्यातील अंतरामुळे आणखी एक परिणाम घडतो. भिंतीवरून परतलेला ध्वनी मूळ ध्वनीच्या उलट अवस्थेत येऊन मिळाला की एका वारंवारतेला खळगा पडतो. वूफर भिंतीपासून ८५ सेंटिमीटरवर असेल तर हा खळगा सुमारे १०० हर्ट्झला येतो. स्पीकर भिंतीलगत सरकवल्यास खळगा वर सरकतो, परंतु खर्ज फुगतो. पोर्ट मागील बाजूस असलेला स्पीकर भिंतीला चिकटवणे म्हणूनच टाळले जाते. काही उत्पादक पोर्टमध्ये घालण्यासाठी स्पंजचे बूच देतात. लहान खोलीत ते पुष्कळदा कामास येते. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि श्रोत्याची पाठ भिंतीला टेकलेली नसावी, ही मांडणी सर्वमान्य आहे. सोफा भिंतीला लावण्याची आपली घरगुती रीत तिच्या आड येते, हा भाग वेगळा.

किती खोल खर्ज हवा हे संगीतावरही अवलंबून असते. काळी एक पट्टीतील पुरुष गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा, म्हणजे तानपुऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झची. ख्याल, नाट्यसंगीत, अभंग किंवा जुनी चित्रपटगीते ऐकणाऱ्याला ५० हर्ट्झच्या आसपास पोहोचणारा स्पीकर बहुधा पुरतो आणि तो टॉवरच असला पाहिजे असे नाही. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झची आणि पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्झचा असतो. पाश्चात्त्य वाद्यवृंद, इलेक्ट्रॉनिक संगीत आणि चित्रपटांतील स्फोटांचे ध्वनी यांसाठी मोठ्या पेटीचा लाभ उघड जाणवतो. लहान खोलीत दोन लहान स्पीकर आणि स्वतंत्रपणे हलवता येणारा सबवूफर हा पर्याय अनेकदा अधिक सोयीचा ठरतो, कारण खर्जासाठी सर्वांत चांगली जागा आणि स्टिरिओसाठी सर्वांत चांगली जागा एकच असेल असे नाही.

तांत्रिक आकडे आणि त्यांचा अर्थ

विक्रीपृष्ठावर सर्वांत ठळक छापलेला आकडा वॅटचा असतो आणि सर्वांत कमी माहितीही तोच देतो. निष्क्रिय स्पीकरच्या बाबतीत वॅट म्हणजे तो किती शक्ती सहन करू शकेल याचा निर्देश. तो किती मोठ्याने वाजेल याचा नव्हे. भारतात अनेक वर्षे यंत्रांच्या पेट्यांवर 'पीएमपीओ' या नावाखाली हजारो वॅटचे आकडे झळकत असत. या संज्ञेला कोणतीही प्रमाणित व्याख्या नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲम्प्लिफायरच्या शक्तीविषयीच्या अशाच फुगवलेल्या दाव्यांना आळा घालण्यासाठी १९७४ मध्ये नियम केला होता.

आवाजाच्या दृष्टीने खरा उपयोगी आकडा संवेदनशीलतेचा. २.८३ व्होल्ट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल ध्वनी मिळतो हे त्यातून कळते. ८ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे एक वॅट. परंतु ४ ओहमच्या स्पीकरला तेच दोन वॅट होतात. म्हणून दोन स्पीकरची तुलना करताना इंपिडन्स न पाहता संवेदनशीलता पाहिली तर ४ ओहमचा स्पीकर ३ डेसिबलने उगाच सरस दिसतो. तीन डेसिबलचा फरक क्षुल्लक नाही. ८५ डेसिबलच्या स्पीकरला ८८ डेसिबलच्या स्पीकरइतका आवाज काढण्यासाठी दुप्पट शक्तीचा ॲम्प्लिफायर लागतो. तरीही साध्या खोलीत ८८ डेसिबलची जोडी सरासरी एखाद्या वॅटवर भरपूर मोठी वाजते. उरलेली शक्ती लागते ती संगीतातील क्षणिक शिखरांसाठी. सरासरीपेक्षा २० डेसिबल उंच शिखर म्हणजे शंभर पट शक्ती.

इंपिडन्सचा छापील आकडा नाममात्र असतो. ८ ओहम लिहिलेला टॉवर एखाद्या वारंवारतेला साडेतीन-चार ओहमपर्यंत उतरू शकतो. दोन-तीन वूफर असलेल्या नमुन्यांत हे विशेष आढळते. स्वस्त ॲम्प्लिफायर अशा वेळी तापतो किंवा संरक्षणासाठी स्वतःला बंद करून घेतो. 'किमान इंपिडन्स' हा आकडा दिलेला असेल तर तो नाममात्र आकड्यापेक्षा अधिक विश्वसनीय मानावा.

वारंवारतेच्या पल्ल्याचा दावा नेहमी मर्यादेसह वाचावा लागतो. '३५ हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' एवढेच लिहिले असेल तर त्याला फारसा अर्थ नाही, कारण ३५ हर्ट्झला आवाज किती उतरलेला आहे हे त्यात सांगितलेले नसते. 'अधिक-उणे ३ डेसिबल' अशी मर्यादा दिली असेल तर तो दावा तपासता येतो. काही उत्पादक उणे ६, तर काही उणे १० डेसिबलचा बिंदू देतात. एकच स्पीकर पहिल्या मापाने ४८ आणि शेवटच्या मापाने ३४ हर्ट्झचा म्हणून खपू शकतो, आणि दोन्ही आकडे खरे असतात.

स्पीकरच्या तारांविषयी विक्रीपृष्ठांवर पुष्कळ भरजरी वर्णने असतात. २.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या साध्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.००७ ओहम असतो. पाच मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन दहा मीटर तार लागली तरी तो ०.०७ ओहम, म्हणजे ८ ओहमच्या तुलनेत एक टक्क्याहून कमी भरतो. विजेच्या दुकानात मिळणारी अशी तार या कामास पुरेशी आहे.

ऑनलाइन खरेदी

दुकानाच्या श्रवणकक्षात बसून स्पीकर ऐकणे आणि मग निवडणे ही जुनी रीत. टपालाने विक्री करणाऱ्या कंपन्यांनी ती प्रथम मोडली. अमेरिकेत १९७४ मध्ये सुरू झालेली क्रचफील्ड ही छापील सूचीपत्रावरून ध्वनियंत्रे विकणारी कंपनी पुढे आंतरजालावरील मोठी विक्रेती बनली. जर्मनीतील टॉइफेल, कॅनडातील ॲक्सिअम आणि अमेरिकेतील एसव्हीएस यांसारख्या उत्पादकांनी थेट ग्राहकाला विकण्याचा मार्ग धरला. दुकानदाराचा वाटा वाचल्याने त्याच किमतीत अधिक चांगली सामग्री देता येते, हा त्यांचा युक्तिवाद. घरी ठरावीक दिवस ऐकून नापसंत पडल्यास परत घेण्याची हमी, ही त्याची पूरक बाजू. स्वतःच्या खोलीत स्वतःच्या ॲम्प्लिफायरवर महिनाभर ऐकता येणे हे दुकानातील अर्ध्या तासापेक्षा वस्तुतः श्रेष्ठ होय. मात्र ही सवलत कोण देतो आणि परतीचा वाहतूक खर्च कोणी भरायचा, यावर सगळे अवलंबून असते.

न ऐकता खरेदी करणाऱ्याला आधार असतो तो परीक्षणांचा. येथे एक सुप्रसिद्ध प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा समोर दिसत असताना ऐकवले. दिसत असताना मोठ्या व महागड्या स्पीकरना जास्त गुण मिळाले आणि पडद्याआड तो फरक ओसरला. डोळ्यांनी पाहून दिलेल्या अभिप्रायात आकार, किंमत आणि नाव मिसळलेले असते, असा याचा अर्थ. विक्रीपृष्ठावरील पाच ताऱ्यांनाही तो लागू पडतो. टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये १९८० च्या दशकात केलेल्या संशोधनातून असेही दिसले की, पडद्याआड ऐकताना बहुतेक श्रोते समोरून सपाट आणि बाजूंनी एकसारखा उतरणारा ध्वनी देणारा स्पीकर पसंत करतात. या संशोधनावर आधारलेली, स्पीकरभोवती सर्व दिशांनी मोजमाप घेण्याची पद्धत पुढे सीटीए-२०३४ या अमेरिकी मानकात आली. अशा मोजमापांचे आलेख आता अनेक नमुन्यांसाठी विनामूल्य पाहता येतात. आलेख वाचण्यास थोडा सराव लागतो, पण न ऐकता खरेदी करणाऱ्याला याहून भक्कम पुरावा सहसा मिळत नाही.

किमतीच्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ नगाचा होतो. टॉवर स्पीकर जोडीने वाजत असला तरी अनेक ठिकाणी किंमत एका नगाची दिलेली असते आणि छायाचित्रात मात्र दोन दिसतात. 'पेटीत काय आहे' या रकान्यातील संख्या हाच येथे निर्णायक पुरावा. सणासुदीच्या विक्रीत दाखवलेली सवलत छापील कमाल किरकोळ किमतीवर मोजलेली असते. आयात स्पीकर वर्षभर त्या किमतीच्या बऱ्याच खाली विकला जात असेल, तर साठ टक्के सवलतीचे विशेष काही उरत नाही. 'शेवटचे दोनच शिल्लक' यांसारख्या खोट्या घाईला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या रचनांपैकी एक ठरवले आहे. त्या यादीत असे एकूण १३ प्रकार आहेत.

हमीचा प्रश्न विक्रेत्याशी निगडित असतो. एकाच विक्रीस्थळावर एकच नमुना अधिकृत वितरकाकडून आणि समांतर आयात करणाऱ्याकडून असा दोन किमतींना मिळू शकतो. दुसऱ्याच्या मालावर उत्पादकाची भारतातील हमी बहुधा लागू होत नाही. ट्वीटर जळणे किंवा वूफरचे वेटोळे घासणे हे दोष सुट्या भागाशिवाय दूर होत नाहीत आणि सुटा भाग मिळतो तो अधिकृत वितरकाकडेच. किमतीतील फरक या दृष्टीने तोलावा लागतो.

पोहोच आणि तपासणी

पंचवीस किलोची उंच पेटी वाहतुकीत उभी ठेवली जाईलच असे नाही. बाहेरून न दिसणारे नुकसान यात अधिक त्रासदायक असते. पेटी आदळल्यास वूफरचे जड चुंबक जागचे किंचित सरकते आणि वेटोळे फटीत घासू लागते. कमी आवाजात खर्ज वाजवला की खरखर ऐकू येते. त्यामुळे खोके उघडतानाचे चित्रीकरण, 'ओपन बॉक्स' पोहोचीची सोय असल्यास तिचा वापर, अनुक्रमांकांची जुळणी आणि परत करण्याची मुदत संपेपर्यंत मूळ खोके व फोम जपून ठेवणे या गोष्टी केल्या जातात. शेवटची गोष्ट लहान सदनिकेत सर्वांत अवघड असते. दोन्ही स्पीकर एकाच ध्रुवतेने जोडलेले नसल्यास खर्ज विरल्यासारखा होतो आणि मध्यभागी उमटणारा गायकाचा आवाज पसरट वाटतो. दीड व्होल्टची साधी बॅटरी क्षणभर तांबड्या व काळ्या टोकांना लावली असता वूफरचा शंकू पुढे यावयास हवा. तो मागे गेला तर आतली जोडणी उलट असण्याची शक्यता असते.

नवा स्पीकर शंभर-दोनशे तास वाजवल्याशिवाय 'खुलत' नाही, असे अनेक विक्रेते सांगतात. वूफरची लवचिक कड सुरुवातीच्या वापरात किंचित सैल होते हे मोजता येते, पण हा बदल लहान असतो आणि तो पहिल्या काही तासांतच बहुतांशी घडून जातो. पुढे बदलते ती मुख्यतः श्रोत्याची सवय. रोज दोन तास याप्रमाणे दोनशे तास मोजू लागल्यास परत करण्याची मुदत केव्हाच उलटून गेलेली असते.

टॉवरच्या तळाला टोकदार खिळे लावण्याची पद्धत गालिच्यासाठी आहे. लाद्यांवर ते घसरतात आणि ओरखडेही पाडतात. म्हणून त्याखाली चकत्या किंवा रबराचे पाय वापरतात. घरात लहान मुले असतील तर अरुंद टॉवर कलंडण्याचा धोका खरा आहे आणि रुंद बैठक असलेला नमुना त्या दृष्टीने बरा. लादी ओल्या फडक्याने रोज पुसली जात असेल तर एमडीएफचा तळ पाणी पिऊन फुगतो, हेही येथे नोंदवावे लागेल.

ग्राहकाचे हक्क

युरोपीय संघात २०११ च्या ग्राहक हक्क निर्देशानुसार ऑनलाइन घेतलेली वस्तू कारण न देता १४ दिवसांत परत करता येते. भारतात असा सरसकट हक्क नाही. केवळ आवाज आवडला नाही म्हणून स्पीकर परत घेणे विक्रेत्याच्या धोरणावर अवलंबून असते आणि मोठ्या वस्तूंसाठी हे धोरण बहुधा 'फक्त बदली' असे असते. तथापि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये केलेल्या ई-वाणिज्य नियम, २०२० नुसार वस्तू सदोष, बनावट किंवा जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारी असल्यास विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. विक्रीस्थळाने तक्रार निवारण अधिकारी नेमणे, तक्रारीची पोहोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे. विक्रेत्याचे नाव व पत्ता तसेच मालाचा मूळ देश दाखवणेही आवश्यक आहे.

याउपर दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. २०१९ च्या कायद्याने तक्रारदाराला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करण्याची मुभा दिली. विक्रेता दिल्लीचा किंवा बंगळूरचा असला तरी रत्नागिरी किंवा लातूरच्या ग्राहकाला तेथे जावे लागत नाही. ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. विक्रीपृष्ठावरील वर्णन नंतर बदलले जाऊ शकते, म्हणून खरेदीच्या दिवशीच त्याची प्रतिमा जतन करून ठेवणे पुराव्याच्या दृष्टीने उपयोगी पडते.

जुने स्पीकर

वापरलेल्या टॉवर स्पीकरचा बाजार मोठा आहे, कारण चांगला स्पीकर वीस-तीस वर्षे सहज टिकतो आणि त्याचे तंत्रज्ञान मोबाइलप्रमाणे दर वर्षी जुने होत नाही. पाहण्याची पहिली गोष्ट वूफरच्या शंकूभोवतीची लवचिक कड. ती फोमची असल्यास पंधरा-वीस वर्षांत भुसभुशीत होऊन गळू लागते आणि कोकण-मुंबईच्या दमट हवेत ही झीज लवकर होते. रबराची कड पुष्कळ अधिक टिकते. फोमची कड बदलून मिळते, मात्र त्या कामाचा जाणकार शोधावा लागतो. ट्वीटर वाजतो की नाही हे कान जवळ नेऊन प्रत्येक बाजूला स्वतंत्रपणे तपासावे, कारण मोठ्या आवाजात वाजवलेल्या जोडीत एक ट्वीटर जळालेला असणे आणि मालकाला त्याचा पत्ता नसणे हे अपवादात्मक नाही. पेटीच्या तळाचे कोपरे फुगलेले असतील तर ती कधीतरी पाण्यात उभी होती असे समजावे.